वास आलेलं अंडं फेकलंत, मग आजारी कशाने पडलात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, कारण निम्मं उत्तर तुम्ही दिलेल्या वेळांमध्येच आहे. तुम्ही चौघे कांजूरमार्गला एका खोलीत राहता. फ्रीज बिघडलाय, म्हणून दोन आठवड्यांपूर्वी आणलेला अंड्यांचा ट्रे ओट्याखाली, सिलेंडरच्या शेजारी पडून होता. शनिवारी रात्री साडेनऊला भुर्जी करायला घेतली. एक अंडं फोडलं तर नाक धरायची वेळ आली, ते टाकून दिलं. बाकीच्यांची भुर्जी झाली. दुपारचा उरलेला भातही फोडणीला टाकला. तिघांनी भुर्जी खाल्ली, त्यातल्या दोघांनी भातही खाल्ला. तुम्हाला भुर्जी आवडत नाही म्हणून तुम्ही दोन हाफ फ्राय करून पावाबरोबर खाल्लीत. रात्री साडेबाराला दोघांना उलट्या सुरू झाल्या, पहाटेपर्यंत त्यांचे हाल झाले, सकाळी दोघेही चहा पीत बसले होते. रात्रभर त्यांची बादली उचलणारे तुम्ही मात्र रविवारी संध्याकाळी थंडी वाजून आडवे झालात : १०१ ताप, पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब. आज सोमवार. तुम्ही विचारताय की नासक्या अंड्याने विषबाधा झाली का, मेडिकलवाल्याने दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घ्याव्यात का, उरलेल्या १४ अंड्यांचं काय करायचं, आणि बुधवारी तुमची स्वयंपाकाची पाळी आहे ती करावी का.

भांडुपला माझा दवाखाना आहे, २७ वर्षं झाली. जून ते सप्टेंबर बाकावर बसलेल्या दर पाच-सहा माणसांत एक पोट धरून बसलेला असतो. 'काय खाल्लंत?' म्हटलं की प्रत्येकजण शेवटचं जेवण सांगतो, आणि त्यातही ज्याची किळस आली तो पदार्थ. तुमच्याकडे त्या नासक्या अंड्याची आठवण इतकी ताजी आहे की सगळा आळ त्याच्यावर गेला. पण ते तुमच्या कुणाच्याच पोटात गेलेलं नाही. ज्या भांड्यात फोडलं ते भांडं नीट धुतलंत ना, एवढाच त्याच्यापुरता प्रश्न उरतो.

सडक्या अंड्याचा वास हा हायड्रोजन सल्फाइड वायूचा. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. कवच तडकलं किंवा बराच वेळ ओलं राहिलं की स्यूडोमोनास, प्रोटिअस असे जंतू त्यातून आत शिरतात आणि प्रथिनांमधलं गंधक मोकळं करतात. हे जंतू अंडं नासवतात. माणसाला लोळवतात ते बहुतेक वेळा दुसरेच, आणि त्यांचा म्होरक्या साल्मोनेला. तो आत असला तरी अंड्याला वास येत नाही, रंग बदलत नाही, चव बिघडत नाही. आपलं नाक म्हणजे सोसायटीचा वॉचमन आहे. फाटक्या कपड्यातल्याला अडवतो आणि इस्त्रीचा शर्ट घातलेल्या चोराला सलाम ठोकून आत सोडतो. (या नावावरून एकदा एका मासे विकणाऱ्या मावशींनी मला विचारलं होतं, 'सॅल्मन म्हणजे आमचा रावस, त्याने होतं का हे?' नाही. डॅनियल सॅल्मन नावाच्या अमेरिकन पशुवैद्याच्या आडनावावरून ते नाव पडलं. रावस बिचारा निर्दोष आहे.)

म्हणून मी 'काय खाल्लं' याच्याआधी 'किती वाजता खाल्लं आणि किती वाजता सुरू झालं' हे विचारते. अन्नातून विषबाधा म्हणतात त्यात ढोबळमानाने दोन प्रकार येतात. एकात जंतूंनी अन्नातच विष करून ठेवलेलं असतं. आपण ते आयतं गिळतो, त्यामुळे त्रास १ ते ६ तासांत सुरू होतो. उलट्यांचा जोर मोठा, ताप बहुधा नाही, आणि विष बाहेर पडलं की माणूस दिवसभरात ताळ्यावर येतो. दुसऱ्यात जंतू जिवंत पोटात जातात, आतड्यात बस्तान बसवतात, वाढतात आणि मग त्रास देतात. त्याला वेळ लागतो. साल्मोनेलाला ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत कितीही लागू शकतात, बहुतेकांना १२ ते ३६ तास. ताप, मुरडा, जुलाब, क्वचित शौचातून रक्त, आणि हे प्रकरण ४ ते ७ दिवस चालतं.

आता तुमच्या खोलीचा पंचनामा करू. दोघांना तीन तासांत उलट्या, ताप नाही, सकाळी बरे. हे साल्मोनेलाचं वागणं नव्हे. भुर्जी तिघांनी खाल्ली, पण ओकले ते भात खाणारे दोघेच. दुपारी एकला शिजवलेला भात पावसाळी दमट हवेत रात्री साडेनऊपर्यंत झाकून बाहेर राहिला. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजण्यातूनही वाचतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांचं उलटीचं विष इतकं चिवट असतं की फोडणीच काय, उकळूनही जात नाही. माझा संशय त्या भातावर आहे. शपथेवर सांगणार नाही, कारण कांदा चिरणाऱ्याच्या बोटाला नखुरडं असेल तर स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतूही हेच करतो, त्याच वेळापत्रकाने, आणि त्याचं विषही उष्णतेला दाद देत नाही. पण मग भुर्जी खाणारा तिसरा सुटला कसा, याचं उत्तर द्यावं लागेल.

तुमचं घड्याळ वेगळं आहे. जेवणानंतर २० तासांच्या आसपास ताप, थंडी, मुरडा, जुलाब. आणि पातळ बलक खाणारे चौघांत तुम्ही एकटे. दोन आठवडे उकाड्यात पडलेलं अंडं, त्याचं हाफ फ्राय, वर ही लक्षणं, म्हणजे तुमच्या बाबतीत अंड्यावर संशय घ्यायला जागा आहे. फक्त तो वास मारणाऱ्या अंड्यावर नाही, त्याच ट्रेमधल्या दिसायला चांगल्या अंड्यावर.

दुसऱ्या शक्यताही मोकळ्या ठेवायला हव्यात. नोरोव्हायरस उलटीतून झपाट्याने पसरतो आणि १२ ते ४८ तासांत धरतो. रात्रभर बादली तुम्ही उचलत होतात. तुमचे मित्र इतक्या लवकर सावरले म्हणून मला ती शक्यता कमी वाटते, पण शून्य नाही. शिवाय साल्मोनेलाचं घड्याळ तीन दिवस मागे जाऊ शकतं, म्हणजे शुक्रवारी स्टेशनबाहेर काही खाल्लं असेल तर तेही आरोपीच. एक कागद घ्या आणि गुरुवार संध्याकाळपासून काय-काय तोंडात गेलं ते लिहा, पाणी आणि बर्फसुद्धा. डॉक्टरकडे जायची वेळ आली तर त्या कागदाचा फार उपयोग होतो. नक्की जंतू कोणता हे शौचाच्या कल्चरनेच, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून केलेल्या तपासणीनेच ठरतं, आणि ते अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यावं लागतं.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य जाता जाता आलंय : 'तसा मी फिट आहे, फक्त रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो.' त्या वाक्यावर मी थांबले. जठरातलं आम्ल ही या जंतूंविरुद्धची आपली पहिली भिंत. ते रोज गोळीने दाबलं की थोडे जंतूही पुढे सरकतात. एकाच ताटातलं खाऊन एकजण ठणठणीत आणि दुसरा आडवा, याची अशी साधी कारणं असतात. गोळी कुणी लिहून दिली नसेल आणि आपणच दोन वर्षं चालू ठेवली असेल, तर हे निवळल्यावर डॉक्टरांशी बोलून ती खरंच लागते का ते बघा. तान्ही मुलं, साठी ओलांडलेले, गरोदर बायका, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेले, स्टेरॉइड किंवा केमो चालू असलेले, सिकलसेलचे रुग्ण यांच्या बाबतीत पुढचं 'घरी बसा, पाणी प्या' लागू होत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवायचं.

तुम्ही चोवीस वर्षांचे आहात, तेव्हा तुमच्यापुरतं बोलते. आज तुमचं खरं औषध पाणी आहे, पण नुसतं पाणी नव्हे. जुलाबातून मीठही जातं, आणि आतड्याला मीठ शोषायला सोबत साखर लागते. ओआरएसची रचना या एका गोष्टीवर उभी आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये हे मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. हजारो माणसं त्यावर तगली. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. दवाखान्यात 'डॉक्टर, नुसतं पाणी काय देता, एक सलाईन लावा' म्हणणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगते. कुणी ऐकतं, कुणी समोरच्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून येतं.

पुडीवर लिहिलेल्या मापाने, म्हणजे मोठी पुडी एक लिटर पाण्यात, संपूर्ण एकदम कालवायची. अर्धी पुडी आणि अंदाजे ग्लास असला प्रकार नको. पाणी उकळून गार केलेलं. तयार केलेलं २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. दर जुलाबामागे एक ते दोन ग्लास, घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याने पुन्हा सुरू. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ वाढलं तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाट करूनच घ्या. आणि दुकानातून आणताना खोक्यावर 'जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार' असं लिहिलंय का बघा. फळांच्या चवीची गोड पेयं कित्येक वर्षं ओआरएसच्या नावाखाली विकली गेली. त्यांतली जास्तीची साखर जुलाब वाढवते. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर तो शब्द वापरायला मनाई केली, तरी फडताळात आधीचा माल पडलेला असू शकतो.

खायचं काय? भूक लागेल ते, हलकं. मऊभात-मीठ, पेज, मुगाची पातळ खिचडी, केळं, ताक, उकडलेला बटाटा. उपाशी राहून आतडं लवकर बरं होत नाही. दूध मात्र तीन-चार दिवस बाजूला ठेवा, कारण अशा दुखण्यानंतर आतड्याला दुधातली साखर काही दिवस पचत नाही आणि माणसाला वाटतं की आजार उलटला. दही-ताक चालतं. तापाला पॅरासिटामॉल घ्या. अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्या घेऊ नका, शरीरात पाणी कमी असताना त्या किडनीला जड जातात. आणि जुलाब 'बांधणारी' गोळी, लोपेरामाइड, ताप असताना किंवा शौचातून रक्त पडत असताना अजिबात नको. आतडं जे बाहेर फेकायला बघतंय ते तुम्ही आत कोंडून ठेवता.

आता अँटिबायोटिक. मेडिकलवाल्याने तुम्हाला जी दोन औषधांची मिळून एक गोळी दिली आहे, ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल, ती मुंबईत जुलाबाचं नाव काढलं की काउंटरवरून पुढे सरकते. ती घेऊ नका. तुमच्यासारख्या धडधाकट माणसात साधा साल्मोनेला अँटिबायोटिकशिवाय जातो. औषधाने दिवस फारसे कमी होत नाहीत, उलट जंतू आतड्यात जास्त काळ रेंगाळू शकतो. हे मी पुस्तकातूनच शिकले असं नाही. दवाखाना टाकला त्या सुरुवातीच्या वर्षांत मीही सरसकट गोळ्या लिहायचे, कारण पेशंटला हातात काहीतरी हवं असतं आणि नव्या डॉक्टरला पेशंट. एका खानावळीतल्या मुलाला अशीच पाच दिवसांची गोळी दिली. जुलाब थांबले, महिन्याने पुन्हा आला. तेव्हा कल्चर केलं तर साल्मोनेला ठाण मांडून, आणि मी दिलेल्या औषधाला न जुमानणारा. तो मुलगा रोज साठ माणसांना वाढत होता. त्यानंतर माझा हात आखडला.

अर्थात अँटिबायोटिक कधीच नको असं नव्हे. जंतू रक्तात उतरला, ताप तीन दिवसांनंतरही चढाच राहिला, किंवा वर सांगितलेल्या नाजूक गटातला रुग्ण असला तर ते लागतं. फक्त ते तपासून, डॉक्टरच्या हातून.

तुम्ही कधी उठून दवाखाना गाठायचा? शौचातून रक्त पडलं, ताप १०२च्या वर गेला, सहा-आठ तास लघवीच झाली नाही किंवा चहासारखी गडद झाली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात गेलेलं पाणीही टिकेना, ग्लानी आली, तर वाट बघू नका. आणि एक मुंबईकर सूचना. सध्या पावसाळा आहे. थंडी वाजून ताप, उलट्या, जुलाब हे मलेरियातही दिसतं. ताप बुधवारपर्यंत उतरला नाही, किंवा जुलाब थांबून ताप तसाच राहिला, तर मलेरिया आणि डेंग्यूची रक्ततपासणी करून घ्या. अंड्याला दोष देत बसलेला मलेरियाचा रुग्ण मी पाहिलाय, एकदा नाही.

रक्ततपासणीचा विषय निघालाच आहे तर अजून एक. कुणी हौसेने टायफॉइडची व्हिडाल टेस्ट करायला लावेल आणि ती पॉझिटिव्ह येईल. मग घरी फोन जाईल, 'टायफॉइड झालाय'. टायफॉइडचा जंतू साल्मोनेलाच्याच कुळातला आहे, पण तो फक्त माणसात राहतो, कोंबडीत नाही, आणि त्रास द्यायला त्याला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. अंड्यातल्या साल्मोनेला एन्टेरिटायडिसच्या अंगावरच्या काही खुणा टायफॉइडच्या जंतूसारख्याच असतात, त्यामुळे व्हिडाल फसते. वीस तासांत सुरू झालेलं दुखणं शनिवारच्या अंड्याने झालेला टायफॉइड असू शकत नाही.

आता अंड्यांकडे येऊ. तुमचा तिसरा मित्र म्हणतो, 'पाण्यात टाकून बघितली होती, बुडाली, म्हणजे चांगली.' ही परीक्षा वयाची आहे. अंडं जुनं होत जातं तसं छिद्रांतून पाणी उडतं, बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते, आणि अंडं आधी उभं राहतं, मग तरंगतं. तरंगणारं टाका. पण बुडालेल्यात साल्मोनेला नाही असा त्याचा अर्थ होत नाही. तशीच उलटी भीतीही असते. उकडलेल्या बलकाभोवती हिरवट काळं कडं दिसलं की लोक अंडं फेकतात. ते बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक जास्त उकळल्याने एकत्र आल्याचं कडं आहे, बिनधास्त खा. रक्ताचा ठिपकाही निरुपद्रवी.

साल्मोनेला अंड्यात दोन वाटांनी येतो. एक, कवचाला लागलेल्या कोंबडीच्या विष्ठेतून. दुसरी, कोंबडीच्या अंडाशयातच जंतू असेल तर कवच तयार व्हायच्या आधीच, आतून. दुसऱ्या प्रकारात कवच कितीही घासा, उपयोग नाही. ताज्या अंड्यात असे जंतू असले तरी मूठभर असतात, कारण पांढरं त्यांना वाढू देत नाही. ते अल्कधर्मी असतं, त्यात जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम असतं, आणि जंतूंना हवं असलेलं लोह बांधून ठेवणारं एक प्रथिन असतं. लोहाचा साठा आहे बलकात, आणि बलकाभोवती पातळ पडदा. अंडं थंड जागी ठेवलं तर तो पडदा आठवडेच्या आठवडे टिकतो. उकाड्यात तो लवकर सैल पडतो, बलकातलं लोह पांढऱ्यात झिरपतं, आणि मग जंतूंची चंगळ होते. युरोपात अंड्यावर घातल्यापासून २८ दिवसांची मुदत छापतात, ती तिथल्या हवेत. आपल्याकडे सुटं अंडं आंध्र-तेलंगणातून ट्रकने येतं, दुकानात पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये उघड्यावर राहतं, त्याला तारीख नाही, आणि मग तुमच्या ओट्याखाली गॅसच्या धगीला दोन आठवडे. त्यातच एक अंडं आतल्या आत सडलं, म्हणजे बाकीच्यांनी काय हवामान सोसलं असेल त्याचा अंदाज येतो.

म्हणून फ्रीज नसेल तर ट्रे आणू नका. अर्धा डझन आणा, चार-पाच दिवसांत संपवा, खिडकीजवळ हवेशीर ठेवा. फ्रीज असेल तर आणल्याबरोबर आतल्या फळीवर ठेवा, दारात नको, दार सारखं उघडतं. एकदा गार झालेलं अंडं बाहेर काढून तासन् तास ठेवू नका, त्याला घाम फुटतो आणि त्या ओलाव्यातून कवचावरचे जंतू आत ओढले जातात. याच कारणाने आणल्या आणल्या सगळी अंडी धुऊन ठेवायची सवयही चुकीची. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो निघून जातो. करायच्या वेळी धुवा, आणि प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा, मग मोठ्या भांड्यात.

वाटीत फोडण्याचं कारण नुसता वास नाही. एका अंड्यात जंतू असला तर एकजण आजारी पडेल. पण चाळीस अंडी एकत्र फेटून पातेलं दोन तास बाजूला ठेवलं, तर त्या एकाचा जंतू सगळ्यांना वाटला जातो आणि वाढायला वेळही मिळतो. साल्मोनेलाला आवडीचं तापमान मिळालं तर तो अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो. मेसमध्ये, हळदीच्या जेवणात, ऑफिसच्या नाश्त्यात एकदम माणसं आजारी पडतात ती बहुधा अशी.

रस्त्यावरच्या भुर्जी-पावाच्या गाडीबद्दल माझं मत लोकांना उलटं वाटतं. गरमागरम तव्यावर समोर फोडून कोरडी होईपर्यंत परतलेली भुर्जी ही गाडीवरच्या सुरक्षित पदार्थांपैकी एक आहे. अंडी रोज खपतात, साचत नाहीत. मी घाबरते त्या कच्च्या कांद्याला, पातळ चटणीला, पिंपातल्या पाण्याला, आणि रात्री बारच्या बाहेर सोलून पाण्यात ठेवलेल्या उकडलेल्या अंड्यांना. अंडं उकडलं की निर्जंतुक झालं, पण सोलणाऱ्याचा हात लागला की पुन्हा शून्यापासून. सोलायचं ते समोर सोलून मागा. कच्च्या अंड्याचं मेयोनीज हा तर सध्याचा मोठा धोका. त्यात जंतू मारायला उष्णताच कुठे नसते. केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर बंदी घातली. सँडविचवाल्याला 'बिनअंड्याचं आहे का' विचारायला लाजू नका.

व्यायामशाळेतली मुलं दुधातून कच्ची अंडी पितात, त्यांना एकच सांगते. ताकदीसाठी पीत असाल तर पैसे वाया घालवताय. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिनं अंगी लागतात, कच्च्यातली जेमतेम ५० टक्के. हाफ फ्रायबद्दल मी इतकी कडक नाही, मलाही आवडतं. ताजी, फ्रीजमधली अंडी असतील तर हिवाळ्यात खाते. जून ते सप्टेंबर माझ्या घरी बलक घट्ट.

तुमची ती १४ अंडी टाका. कडक उकडून खाल्ली तर बहुतेक काही होणार नाही, हे खरं आहे, पण शंभरेक रुपयांसाठी मी तुम्हाला तो जुगार खेळायला सांगणार नाही. फोडून बघत बसू नका, पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात द्या. ट्रेचा पुठ्ठाही टाका. ओट्याखालची जागा साबणाने पुसा, त्या रात्रीचं भांडं आणि चमचे कडक पाण्याने घासा, आणि नंतर हात धुवा. आणि भात यापुढे उरला तर तासा-दोन तासांत पसरट ताटात गार करून शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये. नसेल जमत, तर तेवढाच शिजवा.

राहिली बुधवारची पाळी. जुलाब थांबल्यावर पूर्ण दोन दिवस जाऊ द्या, तोवर दुसऱ्यांसाठी शिजवू नका, त्यांचं पाणीही भरू नका. त्यानंतरही कित्येकदा चार-पाच आठवडे जंतू शौचातून पडत राहतो, माणसाला अगदी बरं वाटत असतानाही. म्हणून संडासातून आल्यावर साबणाने वीस सेकंद हात, नखांसकट, आणि टॉवेल स्वतःचा वेगळा. बुधवारी तुम्ही नुसते पडून राहा. ज्या दोघांची बादली तुम्ही रात्रभर उचललीत, त्यांच्यापैकी एकाला पाळी घ्यायला सांगा. नाही म्हणाले तर हे उत्तर वाचायला द्या, भाताचा परिच्छेद आधी.